जुना श्रेष्ठ की नवा? आधी नियम कोणत्या सालचे ते सांगा

१८ जून १९४१ च्या रात्री न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर बिली कॉन हा पावणेदोनशे पौंडांच्या आतला गडी जो लुईससारख्या हेवीवेट विश्वविजेत्याला बारा फेऱ्या झुलवत होता. बारावी फेरी संपली तेव्हा तीनपैकी दोन गुणपत्रिकांवर कॉन पुढे होता आणि तिसरीवर बरोबरी होती. तेराव्या फेरीत तो नॉकआउटच्या मागे लागला, लुईसच्या टप्प्यात उभा राहून ठोशाला ठोसा देऊ लागला आणि फेरी संपायला दोन सेकंद असताना बाद झाला. लढत पंधरा फेऱ्यांची होती. आज विश्वविजेतेपदाची लढत बारा फेऱ्यांची असते. हीच लढत ठोशाला ठोसा तशीच आजच्या नियमांनी झाली असती, तर पट्टा कॉनच्या कमरेला गेला असता आणि लुईसने पंचवीस वेळा विजेतेपद राखल्याचा विक्रम झालाच नसता.

हे एकच उदाहरण नाही. १९५२ साली फिलाडेल्फियात हेवीवेट विजेता जर्सी जो वॉलकॉट तिन्ही गुणपत्रिकांवर पुढे होता. तेराव्या फेरीत दोरापाशी दोघांनी एकाच वेळी उजवा हात सोडला, रॉकी मार्सियानोचा आखूड ठोसा आधी पोचला आणि वॉलकॉट गुडघ्यांवर कोसळला. १९८१ मध्ये लास वेगासला थॉमस हर्न्स शुगर रे लिओनार्डच्या पुढे होता आणि चौदाव्या फेरीत हरला. उलट बाजूचेही उदाहरण आहे. जून १९५२ मध्ये यांकी स्टेडियमवर शुगर रे रॉबिन्सन लाइट हेवीवेट विजेता जोई मॅक्सिम याच्याशी लढला. उष्णता चाळीस अंश सेल्सियसच्या घरात. दहाव्या फेरीनंतर पंच रूबी गोल्डस्टाइन उकाड्याने गळून गेले, दुसरा पंच आणावा लागला. रॉबिन्सन सहज पुढे होता, पण तेराव्या फेरीनंतर स्टुलावरून उठूच शकला नाही. बारा फेऱ्यांच्या हिशोबाने तो तिसऱ्या वजनगटाचा विजेता ठरला असता.

म्हणजे नियमातला एक आकडा बदलला तर मार्सियानोचा ४९-० (एकोणपन्नास लढती, एकही हार नाही) उरत नाही आणि रॉबिन्सनच्या खात्यात आणखी एक पट्टा जमा होतो. जुने बॉक्सर श्रेष्ठ की आजचे, या वादात दोन्ही बाजू नावे फेकतात, जुनी चित्रफीत पुढे करतात, वजन-उंची मोजतात, पण लढत कोणत्या सालच्या करारावर होणार हे कुणी ठरवत नाही. ते ठरवल्याशिवाय ‘कोण जिंकेल’ या प्रश्नाला उत्तरच नाही, आणि ठरवले की बऱ्याच जोड्यांचे उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट मिळते, असे माझे ठाम मत आहे.

वरच्या उदाहरणांवर एक रास्त आक्षेप घेता येतो. बारा फेऱ्या आहेत हे माहीत असते तर लुईस आणि लिओनार्ड आधीच तुटून पडले असते. खरेच आहे, आणि माझ्या म्हणण्याला त्याने बळकटीच येते. नियम निकालाआधी लढण्याची पद्धत बदलतात. पंधरा फेऱ्या म्हणजे पंचेचाळीस मिनिटे, बारा म्हणजे छत्तीस. त्या नऊ मिनिटांसाठी जुना बॉक्सर चौथ्या-पाचव्या फेरीपासून बरगड्यांवर आणि पोटावर ठोसे पेरत राही, कारण त्यांचे फळ तेराव्या फेरीत मिळे. पाय जड झाले, हात खाली आले की डोके उघडे पडते. बारा फेऱ्यांत या पेरणीचे पीक काढायला वेळ कमी पडतो, म्हणून आजचा बॉक्सर पहिल्या फेरीपासून गुण गोळा करतो आणि अधिक वेगाने लढू शकतो. जुन्या लढतीत सहाव्या-सातव्या फेरीत ‘सुस्ती’ दिसते, तिला पुष्कळदा राखून ठेवलेला दम म्हणायला हवे.

पंधराच्या बारा फेऱ्या झाल्या त्याला कारणही तसेच होते. १३ नोव्हेंबर १९८२ ला लास वेगासमध्ये रे मॅन्सिनीविरुद्ध चौदाव्या फेरीत दक्षिण कोरियाचा किम डुक-कू कोसळला आणि काही दिवसांत मेंदूतल्या रक्तस्रावाने गेला. जागतिक बॉक्सिंग परिषद या संघटनेने (डब्ल्यूबीसी) लगेच बारा फेऱ्यांचा नियम केला, बाकीच्या संघटना दशक संपण्याच्या आत त्याच वाटेने आल्या. हा बदल योग्य होता. जुन्यांची बाजू घेताना पंधरा फेऱ्या परत आणा अशी मागणी करणाऱ्यांशी मी सहमत नाही.

फेऱ्यांपेक्षाही मोठी गफलत वजनात होते आणि तिच्याकडे चाहत्यांचे लक्षच नसते. रॉबिन्सनच्या काळी वजन लढतीच्या दिवशी होई, साधारण दुपारी. रात्री लढायचे म्हणजे हातात आठ-दहा तास. इतक्या वेळात शरीरातून काढलेले पाणी धडपणे भरून येत नाही, म्हणून बॉक्सर आपल्या खऱ्या वजनाच्या जवळपास लढत. १९८० च्या दशकापासून वजन आदल्या दिवशी होऊ लागले. आता चोवीस ते तीस तास मिळतात आणि सगळे शास्त्र त्याभोवती उभे राहिले आहे. आठवडाभर आधी मीठ आणि भात-पोळी कमी करायची. सुरुवातीचे काही दिवस भरपूर पाणी प्यायचे म्हणजे शरीर पाणी सोडायला सरावते, मग शेवटच्या दिवशी ते जवळपास बंद करायचे. घामाचा सूट घालून दोरीउड्या, गरम पाण्याचा टब, सॉना. काट्यावरून उतरल्या उतरल्या क्षारयुक्त पाण्याचे घोट, मग पातळ खाणे, मग भात, मग झोप. १४७ पौंडांचा म्हणवणारा वेल्टरवेट लढतीच्या रात्री १५५ ते १६० पौंडांचा असणे ही आता नेहमीची गोष्ट आहे.

चुकते ते दोन ठिकाणी. पाणी जास्त काढले आणि वेळेत परत भरले नाही, तर पाय तिसऱ्या फेरीत जातात आणि डोक्यावरच्या ठोशाचा धोका वाढतो. आणि जो हे उत्तम साधतो तो समोरच्यापेक्षा सरळ दोन वजनगट मोठा होऊन रिंगमध्ये येतो. २६ फेब्रुवारी २००० ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये आर्टुरो गॅटी आणि जोई गमाश यांच्या लढतीची मर्यादा १४१ पौंड होती. लढतीच्या रात्री टीव्हीवाल्यांच्या काट्यावर गॅटी १६० पौंड भरला, गमाश १४५. दुसऱ्या फेरीत गमाश बेशुद्ध पडला, मेंदूला इजा झाली आणि कारकीर्द संपली. तेव्हा १९४७ च्या वेल्टरवेटला आजच्या वेल्टरवेटसमोर उभे करणारा माणूस नकळत एका मिडलवेटला (१६० पौंडी गड्याला) त्याच्या अंगावर सोडतो. निदान इतके तरी ठरवावे: दोघांचे वजन लढतीच्या दिवशी होणार की आदल्या दिवशी?

‘खेळाडू उत्क्रांत झाले’ हा युक्तिवादही इथेच अडतो. जेसी ओवेन्सने १९३६ मध्ये शंभर मीटर १०.२ सेकंदांत धावून विश्वविक्रम केला, उसेन बोल्टने २००९ मध्ये ९.५८ सेकंद घेतले, म्हणून बॉक्सरही तसेच सुधारले असतील असे म्हणतात. पण हेवीवेट सोडला तर प्रत्येक गटाला वजनाचे छत आहे. १३५ पौंड म्हणजे तेव्हाही १३५ आणि आताही १३५. माणसे उंच-धिप्पाड झाली तर ती वरच्या गटात जातात, खालच्या गटातल्यांच्या अंगात जादा स्नायू येत नाहीत. आहार, दुखापतीचे उपचार आणि ताकदीचे व्यायाम सुधारले हे खरे. मात्र पंचाहत्तर टक्के लढत ज्यावर ठरते ते अंतर, वेळ आणि फसवणूक ही स्टॉपवॉचने मोजायची गोष्ट नाही. ती लढून-लढूनच येते.

आणि लढणे किती होई? लुईसने १९४१ या एका वर्षात सात वेळा विजेतेपद राखले. पुढे मिडलवेट विजेता झालेला हॅरी ग्रेब १९१९ मध्ये पंचेचाळीस लढती लढला. रॉबिन्सन ५ फेब्रुवारी १९४३ ला जेक लामोटाकडून आयुष्यातली पहिली लढत हरला आणि तीन आठवड्यांत, २६ तारखेला, त्यालाच हरवून मोकळा झाला. मधे आणखी एक लढत जिंकली ती वेगळीच. आजचा अव्वल विजेता वर्षाला एक किंवा दोन लढती लढतो. फ्लॉइड मेवेदरच्या संपूर्ण कारकिर्दीत पन्नास लढती आहेत, रॉबिन्सनच्या जवळपास दोनशे. म्हणून ‘अपराजित’ या शब्दाला दोन काळांत सारखी किंमत देता येत नाही. दर पंधरवड्याला लढणारा कधीतरी दुखऱ्या हाताने, कधी तापात लढे आणि हरेही. त्या हारी आजच्या नजरेने डाग वाटतात. पुन्हा विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत अमेरिकेत अनेक ठिकाणी कायद्याने निकाल देण्यास मनाई होती. नॉकआउट झाला नाही तर लढत अधिकृत निकालाविना संपे आणि जिंकले कोण ते दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रे लिहीत. ग्रेबच्या जवळपास तीनशे लढतींचा हिशोब करताना हे विसरले की आकडेमोड फसते.

आता तंत्राकडे. जुन्या चित्रफिती पाहून नवखा प्रेक्षक हसतो: हात कमरेशी, वजन मागच्या पायावर, हालचाली बाहुल्यांसारख्या. त्यातले बाहुलेपण बऱ्याच अंशी यंत्राचे आहे. मूकपटाचा कॅमेरा सेकंदाला साधारण सोळा चित्रे टिपे. तीच फीत चोवीसच्या वेगाने चालवली की माणूस दीडपट वेगाने तुरुतुरु धावतो आणि ठोशातले वजन दिसेनासे होते. वेग दुरुस्त केलेल्या प्रतीत १९१५ पर्यंतचा हेवीवेट विजेता जॅक जॉन्सन पाहिला, समोरच्याचा दंड हाताने दाबून त्याचा ठोसा जन्मायच्या आधीच मारणारा, की मत बदलते.

हात खाली असण्यालाही कारण होते. लुईस-रॉबिन्सनच्या काळी लढतीचे ग्लोव्हज साधारण सहा औंसांचे असत, आत बहुतेक घोड्याचे केस. आज १४७ पौंडांपर्यंत आठ औंस आणि त्यावर दहा औंसांचे वापरतात, त्यांत फोमही असतो. दहा औंसांचे दोन ग्लोव्हज गालांवर धरले तर चेहऱ्यापुढे भिंत उभी राहते. सहा औंसांच्या ग्लोव्हमागे लपता येत नाही, फटीतून ठोसा आत येतो. म्हणून जुना बॉक्सर डोके हलवून, खांदा वर आणून, तळहाताने ठोसा वळवून आणि पावलाने अंतर मोडून वाचे. उंच धरलेली ढाल ही प्रगती आहे असे मानण्याचे कारण नाही, ती मोठ्या ग्लोव्हची सोय आहे. आठवून पाहा, आपल्याकडे मातीतला पैलवान आणि मॅटवरचा पैलवान यांचे पवित्रे वेगळे का पडतात: माती पकड देते, वेळ देते, मॅट दोन्ही काढून घेते. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे वेगळे विभाग ठेवण्यामागे हेच शहाणपण आहे.

क्लिंचचेही तसेच. आज दोघे एकमेकांना भिडले की पंच झटकन सोडवतो. जुना पंच एक हात मोकळा असेल तर लढू देई, आणि त्या मिठीतच एक अख्खी विद्या होती: कपाळ समोरच्याच्या खांद्याखाली रुतवायचे, एका हाताने त्याचे कोपर बाहेर ढकलायचे, दुसऱ्याने आखूड अपरकट, म्हणजे खालून वर ठोसा. रॉबेर्तो दुरानकडे ती होती. डेट्रॉइटच्या जुन्या गुरूकडून शिकलेल्या जेम्स टोनीने ती १९९० च्या दशकात आणून दाखवली, खांदा वळवून ठोसा घसरवण्याच्या जुन्या रीतीसह. मेवेदरने त्याच खांद्यावर पन्नास लढती काढल्या. नव्यांच्या हाती यशस्वी झालेले हत्यार जुन्यांच्याच भात्यातले होते, ही गोष्ट ‘तंत्र पुढे गेले’ म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी.

जखमेचा नियमही निकाल फिरवतो. सप्टेंबर १९५४ मध्ये एझर्ड चार्ल्सविरुद्ध मार्सियानोची नाकपुडी उभी चिरली. त्याच्या कोपऱ्यात फ्रेडी ब्राउन होता, जखमा थांबवण्यात वाकबगार. आजही एका मिनिटात हे काम असेच करायचे असते: आधी रक्त पुसून जखम कोरडी करायची, मग एक हजारात एक प्रमाणाचे अॅड्रेनलिन लावलेली काडी आत दाबून धरायची, वर व्हॅसलिनचा थर. घाईत फक्त वरून पुसले तर पुढच्या फेरीत तीस सेकंदांत पुन्हा धार लागते. जुन्या काळी लोहक्षाराचे जहाल द्रावण वापरत. रक्त थांबे, पण आसपासची कातडी जळे, म्हणून नंतर त्यावर बंदी आली. ब्राउनने नाक कसेबसे सांभाळले आणि मार्सियानोने आठव्या फेरीत चार्ल्सला बाद केले. आता २१ जून २००३ ची लॉस एंजेलिसची लढत घ्या. व्हिटाली क्लिच्को तिन्ही गुणपत्रिकांवर पुढे होता, डोळ्यावरची जखम पाहून डॉक्टरने सहाव्या फेरीनंतर लढत थांबवली, हेवीवेट विजेता लेनॉक्स लुईस जिंकला. तो डॉक्टर १९५४ मध्ये असता तर मार्सियानो हरला असता.

इथवर जुन्यांची बाजू झाली. हेवीवेटमध्ये मात्र मी ती घेणार नाही. मार्सियानो १८५ ते १८८ पौंडांचा, पाच फूट दहा इंच. आज तो २०० पौंड मर्यादेच्या क्रूझरवेटमध्ये लढला असता. जॅक डेम्प्सीने १९१९ मध्ये २४५ पौंडांच्या हेवीवेट विजेत्या जेस विलार्डला पहिल्याच फेरीत सात वेळा पाडले हे नेहमी सांगतात, पण विलार्ड सदतिशीचा होता, तीन वर्षे लढला नव्हता, आणि उठणाऱ्या माणसाच्या डोक्याशी उभे राहून पुन्हा मारायला तेव्हा मनाई नव्हती. जो लुईसने कार्नेरासारखे राक्षस पाडले, पण ते नुसतेच मोठे होते. लेनॉक्स लुईस किंवा व्लादिमिर क्लिच्कोपासून मोठेपणाला उत्तम जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) आणि शिस्तीचे पाऊल जोडले गेले. साडेसहा फुटी माणूस नीट जॅब मारू लागला की १८५ पौंडांच्या गड्याला आत शिरायची वाटच उरत नाही.

आणखी एक वजावट जुन्यांच्या खात्यातून करावीच लागेल. डेम्प्सीने हॅरी विल्सशी लढत दिली नाही. सॅम लँगफर्डला हेवीवेट विजेतेपदाची संधी कधीच मिळाली नाही, चार्ली बर्लीला कुठल्याच गटात नाही. मोठे कारण कातडीचा रंग. जॉन्सनने १९१५ मध्ये पट्टा गमावल्यावर १९३७ पर्यंत एकाही कृष्णवर्णीयाला हेवीवेट विजेतेपदासाठी लढू दिले नाही. ज्यांना टाळून पट्टे राखले, त्यांचा हिशोब विजेत्याच्या नावावर लावला पाहिजे. पुढे सोव्हिएत गट आणि क्युबा यांचे बॉक्सर व्यावसायिक रिंगपासून दूर राहिले. आज युक्रेन, उझबेकिस्तान, जपान सगळे रिंगमध्ये आहेत. मैदान खुले झाले. पण ते पातळही झाले: तेव्हा आठ गट आणि शक्यतो प्रत्येकाचा एक विजेता, आता निदान सतरा गट आणि चार मुख्य संघटना, म्हणजे निदान अडुसष्ट पट्टे. हेन्री आर्मस्ट्राँगने १९३८ मध्ये आठपैकी तीन एकाच वेळी धरले होते.

दोन काळांत पूल बांधणारे काही जण आहेत आणि अंदाजापेक्षा त्यांची साक्ष मोलाची. जॉर्ज फोरमन १९७४ मध्ये किन्शासात मोहम्मद अलीच्या हातून हरला. वीस वर्षांनी, पंचेचाळिसाव्या वर्षी, मायकेल मूररला दहाव्या फेरीत बाद करून पुन्हा विश्वविजेता झाला. लॅरी होम्सने १९९२ मध्ये बेचाळिशीत ऑलिंपिक विजेत्या, तोवर अपराजित रे मर्सरला गुणांवर हरवले, आणि त्याच मर्सरने १९९६ मध्ये लेनॉक्स लुईसला दहा फेऱ्या घाम फोडला. बर्नार्ड हॉपकिन्स एकोणपन्नासाव्या वर्षी लाइट हेवीवेटचे पट्टे जिंकत होता. वयस्क माणसे तरुणांना अशी गाठू शकतात ती केवळ जाणतेपणामुळे.

आता दोन जोड्या, करारासकट. ओलेक्सांद्र उसिक सहा फूट तीन इंच, २२३ पौंडांच्या आसपास. मे २०२४ मध्ये त्याने सहा फूट नऊ इंची, २६० पौंडांवरच्या टायसन फ्युरीला रियाधमध्ये हरवले. उंचीने तो अलीएवढाच, वजनाने थोडा जड, त्यामुळे आकाराची तक्रार इथे करता येत नाही. १९६६-६७ चा अली त्याच्यासमोर उभा केला तर अडचण उसिकच्या डावखुऱ्या पवित्र्याची आहे. सप्टेंबर १९६६ मध्ये फ्रँकफुर्टला कार्ल मिल्डेनबर्गर या डावखुऱ्याने अलीला चांगलेच अडखळवले होते, बाराव्या फेरीपर्यंत लढत नेली. मिल्डेनबर्गर उसिकच्या पासंगालाही पुरला नसता. बारा फेऱ्या आणि आजचे ग्लोव्हज असतील तर मी उसिकला निवडतो. पंधरा असतील तर अलीला, कारण शेवटच्या तीन फेऱ्यांत तो काय करू शके ते १९७५ मध्ये मनिलात जो फ्रेझरविरुद्धच्या चौदाव्या फेरीत दिसले आहे.

दुसरी जोडी रॉबिन्सन आणि टेरेन्स क्रॉफर्ड, १४७ पौंड. रॉबिन्सनच्या वेल्टरवेट काळाचे चित्रण जवळजवळ नाहीच. आपण पाहतो तो तिशी ओलांडलेला, मिडलवेटमधला रॉबिन्सन. मे १९५७ मध्ये, छत्तिसाव्या वाढदिवसाच्या दोन दिवस आधी, त्याने जीन फुलमरला पाचव्या फेरीत पाडले ते नीट पाहावे. दोन उजवे ठोसे पोटावर, त्याने फुलमरचे हात खाली येतात. फुलमर पुढे येतो आणि मागे सरकता सरकता रॉबिन्सन डावा हुक, म्हणजे बाजूने वळवलेला ठोसा, सोडतो. मागे जाणाऱ्या पायावरून इतकी ताकद काढणे आजही फार थोड्यांना जमते. क्रॉफर्ड दोन्ही पवित्र्यांतून लढे, समोरच्याचा ताल दोन-तीन फेऱ्यांत वाची, आणि आदल्या दिवशी वजन होणार असेल तर लढत खरोखर बरोबरीची आहे. लढतीच्या दिवशी दुपारी वजन, सहा औंसांचे ग्लोव्हज, पंधरा फेऱ्या असा करार असेल, तर रॉबिन्सन गुणांवर, साधारण नऊ-सहाने.